खिळ्याला लावलेली रचना

आमच्या कारखान्यात करवतीच्या टेबलाशेजारी एक खांब आहे आणि त्या खांबाला एक खिळा आहे. त्या खिळ्याला जो कागद लागतो, त्याची वस्तू बनते. का, कशाला, कोणासाठी, असलं काही विचारायचं नाही.

पूर्वी विचारायचे. मामा म्हणायचे, "हे कपाट एवढं उंच कशाला?" मालक म्हणायचे, "गिऱ्हाईक उंच आहे." मामा म्हणायचे, "मग गिऱ्हाईक काय कपाटात उभं राहणार आहे?" यातून दोघांचा एकदा असा अबोला झाला की एकाला दुसऱ्याकडून हातोडी हवी असली तरी आईला मध्ये उभं राहून तेच वाक्य दोन्हीकडे म्हणून दाखवावं लागे. शेवटी आईचा घसा बसला आणि नियम झाला. मालकांनी कागद खिळ्याला लावायचा, मामांनी तो काढून वस्तू बनवायची, आणि मधल्या मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही. या नियमावर आमचा कारखाना आणि आईचा संसार, दोन्ही टिकून आहेत.

मालक म्हणजे माझे वडील. घरात ते बाबा असतात. कारखाना घराच्या मागच्या दाराला लागूनच आहे. ते दार ओलांडलं की ते मालक होतात आणि आम्हीही त्यांना मालकच म्हणायचं. चष्मा घरी विसरला तर ते मालक म्हणून उठतात, आत जाऊन बाबा होतात, चष्मा सापडत नाही म्हणून आईवर चिडतात आणि परत मालक होऊन येतात. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ आणि आमचे मुख्य सुतार. खरं तर ते फक्त माझे आणि ताईचे मामा, पण कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणतात. हाताखालच्या दोन सुतारांपैकी एक जण त्यांच्यापेक्षा वयाने मोठा आहे, तोही म्हणतो. आई पॉलिशचं बघते. गाडीतून माल पोचवणाऱ्याला पावशेर म्हणतात, आणि त्याची अंगकाठी पाहता हे नाव ठेवणाऱ्याचा हात जरा सैलच होता.

राहिलो मी. माझं काम काय, हे सांगणं अवघड आहे. फोन वाजला की मी. सरस संपला की मी. गिऱ्हाइकाच्या घरी कपाटाचं दार निखळून पडलं की बोलणी खायला मी. गाडी वळताना मागे उभं राहून कपाटाला मिठी मारायला मी. कारखान्यात मला नाव नाही. सगळे मला 'अरे' म्हणतात. अरे, जरा इकडे ये. अरे, ते राहू दे. रस्त्यात कोणी कोणाला 'अरे' म्हटलं तरी मी थांबतो आणि विचारतो, काय आणू?

तर मला दुसरीकडे नोकरी लागली होती.

शेजारच्या शहरात नाटकांसाठी नेपथ्य बनवणारी एक मंडळी आहे. तिथे दारं बनवतात, पण त्या दारांच्या मागे काहीच नसतं. मला हे फार आवडलं. आमच्याकडे दाराच्या मागे कायम काहीतरी असतं, बहुतेक वेळा तक्रार. सोमवारी हजर हो म्हणाले, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मी लगेच हो म्हणून बसलो. आता फक्त मालकांना सांगायचं होतं. ते माझ्याच्याने होईना. बाबांना सांगितलं असतं, पण बाबा हे जेवणापुरतेच असतात, आणि तोंडात घास असताना चिडले की त्यांना ठसका लागतो. नोकरीसाठी बापाला ठसका लावायचा, हे काही मनाला पटेना.

म्हणून मी राजीनामा लिहून खिशात ठेवला. तो मी पॉलिशपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिला, कारण आमच्याकडे पॉलिशपेपरची मागची बाजू कधी कोणी वाचत नाही.

त्याच आठवड्यात हॉटेलचं प्रकरण आलं. एका मोठ्या हॉटेलला खोल्यांसाठी कपाटं हवी होती. त्यांच्या खरेदी विभागाच्या बाईंनी कळवलं की ऑर्डर देण्यापूर्वी तुमच्या संस्थेची रचना बघायची आहे. दार निखळलं तर नेमका कोणाला फोन करायचा, ते आम्हाला कळलं पाहिजे.

"रचना पाठवली ना," मालक म्हणाले. "तीन खण, दोन दारं, खाली एक ड्रॉवर."

"कपाटाची नाही, आपली," ताई म्हणाली. ती व्यवस्थापन शिकून नुकतीच परत आली होती आणि शिकलेलं कुठे वापरता येईल ते शोधत घरभर फिरत होती. "कोण कोणाच्या हाताखाली, ते."

"सगळे माझ्या हाताखाली."

"मामा?"

मालकांनी मान वळवून पाहिलं. मामा लांब होते, तरी त्यांनी आवाज उतरवला. "मामा बाजूला."

"बाजूला असं काही नसतं."

"आपल्याकडे असतं."

ताईने वही काढली आणि सगळ्यांना समोर बसवून समजावलं. प्रत्येक माणसाला एकच वरिष्ठ असावा. एका वरिष्ठाखाली झेपतील तेवढीच माणसं असावीत. हुकूम वरून खाली येतो आणि बातमी खालून वर जाते. काम कामानुसार वाटता येतं, म्हणजे कापणारे वेगळे आणि पॉलिशवाले वेगळे. किंवा मालानुसार, म्हणजे कपाटवाले वेगळे आणि पलंगवाले वेगळे.

"आणि पलंगाला खालून कपाट असेल तर?" पावशेरने विचारलं.

ताईने वही मिटली आणि एकेकाला एकट्याने भेटायला सुरुवात केली.

तिचा कागद तयार झाला तेव्हा खरंच देखणा दिसत होता. चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेघा, सगळं पट्टीने आखलेलं. सगळ्यात वर 'मालक'. त्याखाली 'मामा', 'आई' आणि 'ताई', तीन विभागप्रमुख. मामांखाली दोन सुतार, ताईखाली पावशेर. माझा चौकोन मध्येच होता, आणि कागद खालून संपत आल्यामुळे बाकीच्यांपेक्षा दोन बोटं वर राहिला होता. त्यात लिहिलं होतं, 'अरे, सर्वसाधारण'.

"सर्वसाधारण काय?" मी विचारलं.

"हुद्दा आहे. मला दुसरा सुचला नाही."

माझ्या चौकोनाला वरून तीन रेघा येत होत्या. मामांकडून एक सरळ, ताईकडून एक सरळ आणि आईकडून एक तुटक.

"एका माणसाला एकच वरिष्ठ, म्हणालीस ना?"

"मी काय करू? प्रत्येकाला विचारलं, हा कोणाच्या हाताखाली? मामा म्हणाले, माझ्या. पण गिऱ्हाइकांचा विभाग मी बघते, म्हणजे तू माझ्याही. आई म्हणाली, माझ्याखाली लिही, पण हळूच लिही. म्हणून तुटक." तिने पट्टी खाली ठेवली. "तुझ्यावर भांडण झालं, माहीत आहे? चांगली गोष्ट आहे ही."

मी तिकडे लक्ष देत नव्हतो. मी मालकांचा चौकोन बघत होतो. तिथून माझ्याकडे रेघ नव्हती. एकही नाही. म्हणजे राजीनामा मालकांना द्यायचाच नव्हता! तो मी माझ्या वरिष्ठाला द्यायचा आणि मग तो आपापला साखळीने वर जाणार. मालकांपर्यंत पोचेल तेव्हा मी कुठल्यातरी खोट्या दाराला खऱ्या बिजागऱ्या लावत असेन. व्यवस्थापन हा इतका दयाळू विषय असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ताईने कागद सगळ्यांना दिसेल अशा एकमेव जागी लावला. खिळ्याला.

इथे एक सांगायला हवं. अबोला झाला आणि नियम झाला, तेव्हा ताई शिकायला बाहेर होती. तिला खिळा हा फक्त खिळा वाटत होता. आणि मला कळायला हवं होतं, पण मी त्या वेळी खिशातला राजीनामा चाचपत होतो.

दुसऱ्या दिवशी कागद खिळ्यावर नव्हता. "कोणीतरी घरी वाचायला नेला," ताई आईला सांगत होती. तिचे डोळे पाणावले होते.

मी पहिल्यांदा तिलाच गाठलं. तिने पॉलिशपेपर उलटा केला, वाचला, पुन्हा वाचला.

"आत्ता? अरे, परवा तर तुला बसवला!"

"घे ना."

"मी कशी घेऊ? मी तुझी अर्धी वरिष्ठ आहे. आधी मामांकडे जा. कामाची रेघ त्यांची." मग तिचा आवाज बदलला. "बाबांना माहीत आहे?"

"ते रचनेप्रमाणे कळेल त्यांना."

ती काहीतरी बोलणार होती, पण मी तिच्याच रचनेचं नाव घेतल्यामुळे तिला बोलता येईना.

मामा मागच्या पडवीत काम करत होते. त्यांनी मांडीवर एक छोटी लाकडी पेटी घेतली होती, साधारण डोकं मावेल एवढी, आणि तिची कड बोटाने चाचपत होते. आजूबाजूला तशाच आणखी पेट्या पडल्या होत्या, लहानमोठ्या.

"मामा, हे तुमच्याकडे द्यायचं होतं."

"बरं झालं आणलास," ते म्हणाले, माझ्या हातातून पॉलिशपेपर घेतला आणि पेटीची कड घासू लागले.

"मामा, मागे बघा."

त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. ते पुन्हा घासू लागले.

मी काय करणार? लाकडाच्या बाबतीत मामांना मध्येच थांबवणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर ओढणं. मी शेजारी बसलो आणि माझा राजीनामा घासला जाताना बघत राहिलो. काम मात्र सुरेख होत होतं.

"हे काय बनवताय?"

"कागदावर आहे."

"कोणाची ऑर्डर?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला नियम आठवला. थोड्या वेळाने त्यांनाच राहवलं नाही. "काढणाऱ्याला जमलेलं नाही," ते म्हणाले. "ही पेटी बघ. वरून तीन दांड्या आणि खाली पाय नाही. लोंबकळणार. आणि त्यातली एक दांडी तुटक काढली आहे. तुटक म्हणजे मागच्या बाजूने जाणारी, समोरून न दिसणारी. लावू मागून. आपल्याला काय, कागदावर आहे ना!"

त्यांनी पेटी उन्हात धरली, समाधानाने मान हलवली आणि पॉलिशपेपर परत दिला. "याची धार गेली. दुसरा आण."

माझ्या काहीच लक्षात आलं नाही. हे लिहिताना मलाही खरं वाटत नाही, पण तीन दांड्या, पाय नाही, एक तुटक, हे सगळं ऐकून मी उठलो आणि दुसरा पॉलिशपेपर आणायला गेलो.

उरली आई. ती पॉलिशच्या खोलीत एका पलंगाला बोळा मारत होती. मी कागद पुढे केला. तिने हात पुसले आणि वाचला. अक्षरं मामांच्या घामाने आधीच पुसट झाली होती, आणि आता त्यावर तिच्या बोटांचं पॉलिश लागलं.

"सोमवारी?"

"हो."

"जेवणाचं काय तिथे?"

"आई, हे तू वरिष्ठ म्हणून वाच."

"वरिष्ठ म्हणूनच विचारते आहे. जेवणाचं काय?"

"बघेन काहीतरी."

"आणि बाबांना सांगितलंस?"

"ते माझे वरिष्ठ नाहीत. वरिष्ठांचे वरिष्ठ आहेत."

"हो का?" आई म्हणाली. तिने कागदाची घडी घालून कमरेच्या कापडात खोचली. "माझी रेघ तुटक आहे बाबा. मी फक्त ठेवून घेऊ शकते. मंजूर नाही करू शकत."

म्हणजे राजीनामा दिला गेला होता, पण कोणी घेतला नव्हता. ताई म्हणत होती मामांकडे गेला. मामांना तो कोणाकडे गेला हेच माहीत नव्हतं. आई म्हणत होती माझ्याकडे फक्त ठेवलाय. माझ्या कामावर हक्क सांगताना तिघं होते. जाताना मात्र कोणाचाच हात पुढे येईना. शुक्रवारी तर मामांनी मला सरस आणायला पाठवलं, ताईने त्याच वेळी फोनवर बसवलं, आणि मी दोन्ही कामं केली. राजीनामा दिलेल्या माणसाने ती करायची असतात की नाही, हे विचारायला कोणाकडे जावं, तेच कळेना.

शनिवारी हॉटेलच्या बाई स्वतःच आल्या. नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या, हातात टेप. कारखान्यात आल्या आल्या त्यांनी एका दाराची बिजागरी हलवून पाहिली. मालकांनी खास इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"कपाट ठीक आहे," बाई म्हणाल्या. "रचना दाखवता?"

"ताई, कागद आण," मालक म्हणाले.

ताईने खिळ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे पाहिलं. "कोणी नेलाय घरी?"

मग मामा पुढे झाले. "रचना ना? तयार आहे. रात्री सांधे वाळले." त्यांनी दोन्ही सुतारांना खूण केली, आणि तिघांनी मिळून पडवीतून ती उचलून आणली.

मी जन्मभर लाकूड बघत आलो आहे, पण असं काही पाहिलं नव्हतं. छतापर्यंत उंच. सगळ्यात वर एक मोठी पेटी. तिच्यापासून दांड्या निघून खाली तीन पेट्या, त्यांच्यापासून पुन्हा दांड्या, आणि सगळ्यात खाली जमिनीवर टेकलेल्या तीन पेट्या, ज्यांच्यावर सगळा डोलारा उभा होता. प्रत्येक पेटीवर मामांनी सुबक अक्षरात कोरलं होतं. मालक. मामा. आई. ताई. पावशेर खाली एका कोपऱ्यात सगळ्यांचं वजन पेलत होता. आणि अगदी मध्ये, जमिनीपासून दोन बोटं वर, तीन दांड्यांना लोंबकळत, एक छोटी, गुळगुळीत घासलेली पेटी मंद हेलकावे खात होती.

ताईने तोंडावर हात ठेवला. मालकांचा चेहरा असा झाला की नेमकं काय झालंय ते त्यांना कळलंय की नाही, ते मला कळेना. पण गिऱ्हाईक समोर असताना 'हे चुकून झालं' असं मालक कधीच म्हणत नाहीत. ते खाकरले.

"ही आमची रचना," ते म्हणाले.

बाईंनी एक फेरी मारली. "वरच्या पेटीपर्यंत हात पोचत नाही."

"पोचायची गरज नाही," मालक म्हणाले. "ती फक्त वर असते."

"आणि ही मागून गेलेली दांडी?"

"ती समोरून दिसत नाही."

"मग आहे कशाला?"

"ते त्यांना विचारा," मालकांनी आईकडे बोट दाखवलं. आई पलंगाकडे बघू लागली.

बाईंनी टेप लावून उंची मोजली. "आमच्या लॉबीत भिंतीला असंच काहीतरी हवं होतं. कुंड्या ठेवायला, पुस्तकं ठेवायला. मला सहा लागतील." मग त्यांनी एका बोटाने दांडीला हलकासा धक्का दिला. मधली पेटी झुलली, तिच्याबरोबर ताईची आणि मामांची पेटी हलली, वरच्या पेटीने कुरकुर केली आणि सगळी रचना डुगडुगायला लागली. पावशेर पटकन मागे सरकला, जणू ती त्याच्याच डोक्यावर पडणार होती. "हे मात्र चालणार नाही. मधली ही पेटी काढा. नीट उभं राहील." त्यांनी वाकून वाचलं. "अरे, सर्वसाधारण. हे काय आहे?"

"तो…" मालक म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो सगळं."

"मग काढाल ना?"

मालक इस्त्रीच्या शर्टाची बाही सरळ करू लागले. मामा म्हणाले, "कागदावर आहे. कागदावर असलेलं मी काढत नाही." झालं, आता पुन्हा अबोला, असं मला वाटलं. आईने घशाला हात लावला.

"काढा बाबा," मी म्हणालो.

कारखान्यात मी त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हटलं होतं. ते दचकले आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. आपण नेमके कुठे उभे आहोत, हे तपासल्यासारखं.

"मी सोमवारपासून येणार नाही. मला नोकरी लागली आहे."

"सोमवार चालेल," बाई म्हणाल्या. त्या टेप गुंडाळत होत्या. "तोवर लॉबीचा रंग वाळेल."

"कोणाला सांगितलंस?" बाबांनी विचारलं. किंवा मालकांनी. मला त्या वेळी फरक कळत नव्हता.

"ताईला."

"मी मामांकडे पाठवलं होतं," ताई म्हणाली.

"मला कुठे सांगितलं?" मामा म्हणाले. "नुसता पॉलिशपेपर देऊन गेला."

"त्याच्या मागे होतं."

"मागे भिंत होती!"

आईने कमरेची घडी काढली आणि बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली. चष्मा घरातच राहिला होता, म्हणून हात लांब करून वाचायला लागले. पण वाचण्यासारखं फार उरलंच नव्हतं. घाम, पॉलिश आणि भुसा यांतून दोनच शब्द वाचता येत होते. वरती 'सोमवारपासून' आणि अगदी खाली 'आपला'.

"हे माझ्याकडे का नाही आलं?"

"आपली रेघच नाही बाबा," मी म्हणालो.

त्यांनी त्या लाकडी रचनेकडे पाहिलं. वरच्या पेटीवर हात ठेवता येईना, म्हणून त्यांनी हवेतच बोट धरलं आणि तिथून माझ्या पेटीपर्यंत खाली आणलं. वाटेत एकही दांडी लागली नाही. पुन्हा एकदा आणलं. "खरंच नाही," ते म्हणाले. मग ताईकडे वळले. "का नाही?"

"तुम्हाला विचारलं होतं मी. हा कोणाच्या हाताखाली, म्हणून. तुम्ही करवत लावत होतात. म्हणालात, तो काय, तो आहेच."

हॉटेलच्या बाईंनाही काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यांनी टेप उगाचच पुन्हा उलगडला.

बाबांनी टेबलावरचा लाकडी हातोडा उचलला. माझ्या पेटीखाली एक हात धरला, आणि एकेका सांध्यावर नेमका घाव घातला. पहिली मामांची दांडी सुटली, मग ताईची. मागची कुठे आहे ते त्यांना दिसेना. आईने पुढे होऊन त्यांचा हात मागे नेला आणि जागा दाखवली. पेटी त्यांच्या तळहातावर आली.

पावशेर आणखी मागे सरकला. मी तर डोळेच मिटले होते. खरं सांगतो, ती कोसळावी असं मला वाटत होतं. सगळी नाही, थोडी. निदान ताईची पेटी तरी.

काही झालं नाही. रचना उभी राहिली. पूर्वीपेक्षा चांगली उभी राहिली. बाबांनी तिला एका बोटाने ढकललं, मग हाताने, मग खांदा लावून. ती जराही हलली नाही. ते तिच्याकडे असे बघत होते, जणू तिने त्यांच्याशी काहीतरी आगळीक केली आहे.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "अशाच सहा."

त्या गेल्यावर मी ताईला विचारलं, "म्हणजे मी सोडलं की मला काढलं?"

"रचनेच्या दृष्टीने पाहिलं तर…" तिने सुरुवात केली आणि मग ती भुसा डोळ्यात गेल्याचं निमित्त करून बाहेर गेली. परत आली तेव्हा हातात पट्टी आणि नवा कागद होता. "मधला चौकोन काढून पुन्हा आखून देते. सहा करायच्या आहेत ना?"

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले.

"अहो पण कागदात पेटी आहे," ताई म्हणाली.

"असू दे."

"कागदात पेटी असेल तर मी पेटी करणार," मामा बजावून म्हणाले. "करणार, बसवणार. मग तुम्ही तुमची काढा."

"करा," बाबा म्हणाले. "मी काढेन." त्यांनी मामांच्या हातून तो जुना कागद घेतला, सरळ केला आणि पुन्हा खिळ्याला लावला.

आता मी नाटकांची दारं बनवतो. त्यांच्या मागे काही नसतं, हे खरं आहे, पण मी अजून उघडून बघतो. मध्ये एकदा पावशेर इकडे माल घेऊन आला होता. त्याने सांगितलं की मामा प्रत्येक रचनेत माझी पेटी बनवतात, तितकीच गुळगुळीत घासतात, तीन दांड्यांना लावतात. रचना डुगडुगते. सगळे काम थांबवून बघत राहतात. मग बाबा येतात, थोडा वेळ तिला तसंच डुगडुगू देतात, आणि हातोडा मारून पेटी काढतात. काढलेल्या पेट्या खांबाशेजारी एकावर एक रचून ठेवल्या आहेत. एकीत फोन असतो, एकीत सरसाचा डबा. सरस संपला की बाबा अजूनही 'अरे' अशी हाक मारतात, मग थोडं थांबतात आणि स्वतःच जातात.

"मालक जातात की बाबा?" मी विचारलं.

पावशेरने बराच विचार केला. "ते काही कळत नाही आता," तो म्हणाला.

कागद अजून खिळ्यावरच आहे. म्हणजे तिथल्या रचनेत मी आहेच, तिघांच्या हाताखाली, जमिनीपासून दोन बोटं वर. पुढच्या महिन्यात घरी जायचंय. इथे रजा कोणाकडे मागायची ते मला माहीत आहे. तिथे गेल्यावर हजेरी कोणाला द्यायची, ते मात्र कोणाला विचारावं कळत नाही.